आवाज न करणारी मोटर

शनिवारच्या वर्गात भिंतीवर एकच नियम लिहिलेला होता: मोठ्यांचे हात पाठीमागे. बाकी सगळं माझ्या याद्यांमध्ये असे. कुणाला कुठलं सामान दिलं, कुणाची पक्कड परत यायची आहे, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून काय आणायचं. भिंतीवर मात्र एवढंच. मुलाने केलेल्या वस्तूला मोठ्या माणसाने हात लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर आपली वेगळी वस्तू घेऊन दाखवावं. गाठ सुटली, तार निसटली, मोटर उलटी फिरली, तरी हात मागे बांधून उभं राहायचं आणि विचारायचं, "आता काय करून बघशील?"

पालकांना हे विचित्र वाटे. एका मुलाचे वडील पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मग मॅडम, तुम्ही नक्की करता काय?"

"उभी राहते," मी म्हटलं. "अवघड असतं. घरी करून बघा."

ही सवय मला कारखान्यात लागली. भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं उत्पादनाच्या नियोजनात होते. शिकाऊ पोराच्या हातातून पाना काढून घेणारा फोरमन त्याला कायमचा शिकाऊ ठेवतो, हे मी तिथे रोज पाहिलं. नोकरी सोडल्यावर मुलांसाठी काहीतरी करायचं ठरवलं तेव्हा नियम आधी ठरला, वर्ग नंतर.

वर्गाची जागा माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीची. सदाशिव पेठेत तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर तिच्या सासऱ्यांचा दवाखाना होता. ते गेल्यावर खोली रिकामीच होती. तिने कुलूप उघडून दिलं आणि स्वतःही वर्गात आली. ती बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवलेली बाई. गुडघ्यांमुळे नोकरी लवकर सोडावी लागली होती. मुलं मला 'ताई' म्हणत आणि तिला 'काकू', आणि या दोन हाकांच्या सुरांत किती फरक होता हे मला ऐकू येत असे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. एकीने शिकवावं, एकीने माया करावी, अशी कामाची वाटणी मला सोयीची वाटली. खोलीची किल्ली तिच्याकडेच असे. ही नोंद मी कधीच कुठे केली नव्हती, कारण त्यात नोंदण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

त्या वर्षी मी मुलांकडून वजन उचलणारं यंत्र करून घ्यायचं ठरवलं. छोटी गिअर मोटर, तिच्या दांड्याला एक रीळ, रिळाला दोरा, दोऱ्याला काडेपेटीचा पाळणा. बटण एका बाजूला दाबलं की पाळणा वर, दुसऱ्या बाजूला दाबलं की खाली. एवढं झालं की वजन वाढवत जायचं. पाळण्यात खोडरबर, मग कुलूप, मग पाण्याची बाटली.

यात मुलांना जे कळायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. जाड रीळ लावलं तर पाळणा भराभर वर येतो, पण वजन वाढलं की मोटर गुरगुरून थांबते. बारीक रीळ लावलं तर गोगलगायीसारखा येतो, पण बाटलीसुद्धा उचलतो. प्रत्येकाने आधी जाड रीळच लावलं. वेगाचा मोह कुणाला सुटत नाही. मग थांबलेल्या मोटरकडे बघत प्रत्येकजण बसून राहिला. वेळ संपली. मी म्हटलं, "राहू दे इथेच. आठवडाभर डोक्यात घोळू दे. शनिवारी सुटेल."

आणि शनिवारी सुटायचं. दर वेळी. मुलं यायची, बटण दाबायची, पाळणा वर जायचा. सैल पडलेली तार घट्ट असायची, घसरणारं रीळ घसरायचं थांबलेलं असायचं. मला वाटायचं, घरून विचार करून आलेल्या मुलांनी, मी सामान वाटत होते त्या पाच मिनिटांत, ते नीट केलं. पालकांच्या सभेत मी हे अभिमानाने सांगत असे. "मुलांना वेळ द्या, त्यांचं त्यांना सापडतं." मैत्रीण शेजारी बसून मान डोलवायची.

एका मुलीचं मात्र सुटत नव्हतं. ती धायरीहून यायची. वडील स्कूटरवर आणून सोडत आणि वर्ग संपायच्या आधीच फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत. धायरी गाव होतं तेव्हापासून त्यांचं घर तिथे. शेती आता बरीचशी इमारतींखाली गेलेली. वडिलांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं. मुलगी फार बोलत नसे. आपलं यंत्र ती खोलीत ठेवून जात नसे. रोज घरी काम करता यावं म्हणून पिशवीत घालून घेऊन जायची आणि शनिवारी तसंच, नवी काहीतरी मोडतोड झालेलं, परत आणायची. बाकीच्यांचे पाळणे बाटल्या उचलू लागले तरी हिचं कुलपापाशी अडलेलं. एका शनिवारी ती आली, रिळाच्या जागी पेनाची रिकामी नळी लावली होती, आणि तिने पाण्याची भरलेली बाटली टेबलापर्यंत उचलली. कुणाकडे बघितलं नाही. पुन्हा खाली सोडली, पुन्हा उचलली.

तिच्या वडिलांचं वर्गाबद्दलचं मत तोवर ठरत आलं होतं. "मॅडम, तिला स्कॉलरशिपच्या क्लासला घालायचं म्हणतोय. हितं काय, खेळच हाय ना सगळा? दिवाळीपर्यंत बघतो."

मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं आणि मनात ठरवलं की हिचं यंत्र खरोखरच्या कामाला लावायचं.

काम समोरच होतं. माझी मैत्रीण राहते दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. आमच्या भागात अजूनही बरीच घरं गॅलरीतून दोरीला बांधून टोपली सोडतात. दूध, भाजी, वर्तमानपत्र, इस्त्रीचे कपडे, सगळं टोपलीतून वर जातं. खालून हाक येते, "काकू, टोपली!" आणि टोपली येते. तिचे गुडघे गेल्यापासून तर तिचं निम्मं घर टोपलीवर चालत होतं. मी म्हटलं, ही टोपली मोटरवर चालवू. मोठी गिअर मोटर, मोठं रीळ, नायलॉनची दोरी, कठड्याला क्लॅम्प. डोकं त्या मुलीचं, हातभार सगळ्यांचा.

मुलांनी नवी बांबूची टोपली हवी म्हणून हट्ट धरला. ती मी कसबा पेठेतून आणली. यंत्र तयार करायला मुलीला बरेच शनिवार लागले. बसवताना मी तिला कारखान्यातली एक गोष्ट दाखवली. स्क्रू पूर्ण आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर रंगाची एक सरळ रेघ मारायची. पुढे कधी हादऱ्याने स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. तिला ते फार आवडलं. सगळ्या स्क्रूंवर तिने लाल रेघा मारल्या.

पहिल्या दिवशी टोपलीत पेढ्यांचा पुडा आणि एक गुलाबाचं फूल ठेवलं. मोटर घर्रर्र करत सुरू झाली. असा आवाज, की समोरच्या इमारतीतले आजोबा गॅलरीत येऊन म्हणाले, "काय गिरणी काढली का?" टोपली सरळ, एकसारखी, न थांबता वर गेली. मुलं ओरडली. मुलीच्या वडिलांनी फोनवर सगळं चित्रण केलं आणि तिथेच उभ्या उभ्या भावकीत सगळ्यांना पाठवलं. स्कॉलरशिपच्या क्लासचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी मुलगी वर्गात आल्या आल्या काकूंना विचारायची, "चालतंय ना?"

"झकास चालतंय गं राणी. दूध आलं की बटण दाबते. महाराणीसारखी बसते."

मीही विचारायचे. माझ्या यादीत ते असायचंच: टोपली, बरोबरची खूण. ती गॅलरी मागच्या बोळाकडे आहे. वर्गातून दिसत नाही, माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरही नाही. आणि मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट जाऊन तपासावी असं मला का वाटावं? त्या महिन्यांत तिचा उजवा खांदा दुखू लागला होता. "वय झालं," ती म्हणायची. मी तिला शेकायची पिशवी आणून दिली.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. ते आईला घेऊन सदाशिव पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले होते. मुलीला शाळेला सुट्टी होती, तीही बरोबर होती. आजीला आपलं यंत्र दाखवायचं म्हणून तिने धोशा लावला होता. मी लगेच गेले. बोळात चौघं उभे राहिलो. आजीने काकूंसाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणली होती. मुलीने खालून हाक दिली, "काकू, टोपली सोडा!"

टोपली खाली आली. आजीने पिशवी ठेवली. मुलीने दोनदा दोरी हलवली, ही त्यांची खूण होती. टोपली वर निघाली.

थोडी वर गेली, थांबली. थोडी वर गेली, थांबली.

"भारीच हाय की गं!" वडील मान वर करून म्हणाले. "आई, बघ, बटणावर चाललंय. आन् आवाजच न्हाई! पैल्या दिवशी कसलं बोंबलत होतं. तेल घातलं का काय, मॅडम?"

मी मुलीकडे बघितलं. ती टोपलीकडे बघत होती. टोपली पुन्हा थांबली, डुलली, पुन्हा वर गेली. मोटर थांबत थांबत ओढत नाही. ओढतात ते हात. हे तिला माझ्याइतकंच कळलं होतं, बहुधा माझ्या आधी.

तिने वडिलांना सांगितलं नाही. आजीला म्हणाली, "झालं. चल आता, डॉक्टर जातील." आणि जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात प्रश्न नव्हता. मला माहीत होतं आणि मी लपवलं, असंच तिने ठरवलं होतं. त्यांच्या मागे धावत जाऊन 'अगं, मलाही आत्ताच कळलं' असं सांगावं, तर शेजारी वडील आणि आजी.

मी जिना चढून वर गेले. मैत्रीण शेंगा परातीत ओतत होती. गॅलरीत यंत्र कठड्याला तसंच होतं. त्यावर एक जुना टॉवेल टाकलेला. दोरी रिळावरून काढून कठड्यावरून सोडलेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती लगेच म्हणाली, "बस तरी आधी."

"कधीपासून?"

"तू ते पेढ्याचं केलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मध्येच अडकलं गं. टोपली लटकत राहिली. खाली दूधवाला उभा. मी हाताने ओढून घेतली."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तू ते खाली काढलं असतंस. त्या पोरीसमोर. सगळ्यांसमोर. तिच्या बापाने क्लास बंद केला असता. मी म्हटलं, माझा काय तो हात दुखेल."

"म्हणजे महाराणीसारखी बसत नव्हतीस तर."

"टोमणे नंतर मार."

"नंतर कधी? वेळ सांग, यादीत लिहिते."

ती शेंगा निवडत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू शिकवतेस. सांभाळायचं कुणी?"

या वाक्याने माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी विचारलं, "फक्त हेच सांभाळलंस, की आणखी काही?"

तिचे शेंगा निवडणारे हात थांबले, आणि त्यावरूनच मला कळलं.

"शुक्रवारी संध्याकाळी जाते खाली," ती शेवटी म्हणाली. "कुणाची तार सुटलेली असते, ती जोडते. रीळ सैल असतं, त्यात कागद घालते. तेवढंच. फार काही नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मी खुर्चीवर बसले. शनिवारी सुटेल. आठवडाभर डोक्यात घोळू दे. सभेत पालकांसमोर उभी राहून मी ते सांगत होते आणि शेजारी बसून ही मान डोलवत होती. मुलांना त्यांचं त्यांना सापडतं, यावर मी माझा सगळा वर्ग उभा केला होता. त्यांना सापडत नव्हतं. त्यांना आयतं मिळत होतं.

"तू त्यांना म्हणतेस राहू दे इथेच, आणि निघून जातेस," ती म्हणाली. "मी पुढच्या खिडकीतून बघते. फाटकाशी रडतात गं ती. तो चष्मेवाला तर भिंतीकडे तोंड करून रडतो, आई येईपर्यंत. तुला ते दिसत नाही."

"मग मला बोलवायचंस. दाखवायचंस. भांडायचंस माझ्याशी. तुझ्या सासऱ्यांची खोली आहे, नियम बदल म्हणायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण खोटंही चाललं नसतं."

शेंगा न खाता मी खाली उतरले. शाळेत असताना तिने माझी वही बघून गणितं लिहिली तर मी रागवायचे नाही. ते उघड होतं, आम्ही दोघी हसायचो. हे तसं नव्हतं. हिने माझ्या पाठीमागे माझंच काम केलं होतं आणि त्याचं श्रेय दर आठवड्याला माझ्याच हातात ठेवलं होतं. एखाद्याने माझ्या नावाने खोटी सही करावी, आणि तीही माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात, तसं वाटत होतं.

शनिवारी धायरीची मुलगी आली नाही. बाकीच्या मुलांना मी समोर बसवलं आणि सरळ विचारलं. ती एकमेकांकडे बघू लागली. मग चष्मेवाला मुलगा म्हणाला, "ताई, आम्हाला वाटलं तुम्हाला माहितीये. अडलं की ठेवून जायचं, असंच आहे ना?"

"असंच म्हणजे?"

"म्हणजे शनिवारी होतं ना ते. काकू करतात."

त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नव्हता. ती त्यांच्या दृष्टीने वर्गाची पद्धतच होती. ताई शिकवतात, अडलं की ठेवायचं, काकू नीट करतात. मीच एकटी वेगळ्या वर्गात शिकवत होते.

मी धायरीला फोन केला. वडील म्हणाले, "मॅडम, ती नको म्हणती. काय इचारलं तर सांगत न्हाई. क्लास बदला म्हणती. एवढं मशीन चाललंय, कौतुक होतंय, आन् नको? आता तुम्हीच समजवा."

फोनवर समजावण्यासारखं ते नव्हतं. मी स्कूटर काढली आणि सिंहगड रस्त्याने धायरीला गेले. त्यांचं घर दुकानाच्या वर. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. मला बघून उठली नाही.

वडिलांना बाजूला घ्यायचा विचार मी केला आणि सोडून दिला. बाजूला घेऊन बोलण्यानेच इथवर आलं होतं. दोघांसमोर सगळं सांगितलं. यंत्र पहिल्या दिवसानंतर चाललं नाही. काकू हाताने ओढत होत्या. मला माहीत नव्हतं. त्या सकाळी बोळात कळलं, तुला कळलं तेव्हाच.

वडिलांचा चेहरा पडला. "म्हंजे बंदच होतं? मी तर सगळ्या भावकीत..." ते थांबले. मग म्हणाले, "खोटं कौतुक कशापायी करायचं, मॅडम? न्हाई चाललं तर न्हाई चाललं म्हणायचं. आमची पोरगी काय रडूबाई हाय व्हय?"

"नाही," मी म्हटलं.

मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "कुठे अडकलं?"

"म्हणजे?"

"किती वर गेल्यावर? टोपलीत काय होतं? आवाज कसा आला?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी भांडले होते, विचारलं नव्हतं. मैत्रिणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. म्हटलं, "तिला काही विचारायचंय. जे झालं तेवढंच सांग."

"काकू, कुठपर्यंत आली होती टोपली?"

"पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या वर आली होती गं. जवळजवळ माझ्या हातापर्यंत."

"आत काय होतं?"

"दुधाच्या पिशव्या. आणि बटाटे."

"मोटर बंद पडली की गुरगुरत होती?"

"गुरगुरत होती. मी घाबरून बटण बंद केलं."

"मग परत कधी लावलं?"

पलीकडून भांडी सरकवल्याचा आवाज आला.

"काकू, परत लावून बघितलंत ना?"

"नाही गं. मला वाटलं, परत अडकलं तर..."

"एकदाच अडकलं?" मुलीचा आवाज चढला. "एकदाच? आणि तुम्ही रोज झकास म्हणालात?"

पलीकडून मैत्रीण काहीतरी म्हणत होती. मुलीने फोन माझ्या हातात परत दिला आणि आत गेली. मला वाटलं, संपलं. वडील म्हणाले, "तिलाच इचारा. यायचं असलं तर आणतो मी. नसलं तर न्हाई." आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. जरा वेळाने ती बाहेर आली ती पेनाची नळी आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन. पायरीवर बसून नळीवर दोरा गुंडाळू लागली. गुंडाळत गेली तसा दोरा मध्येच एका ठिकाणी साठत गेला, त्याचा गठ्ठा झाला. ती थांबली. बोटाने गठ्ठ्याची जाडी चाचपली.

"वर येईपर्यंत रीळ जाड होतं," ती म्हणाली. माझ्याशी नाही, नळीशी. "दोरी एकाच जागी साठते. जाड झालं की जोर पुरत नाही. फुलाला चालतं. बटाट्याला नाही."

बरोबर होतं. इतकं बरोबर, की माझे हात पाठीमागे घट्ट धरून ठेवावे लागले.

"लांब रीळ पाहिजे. आणि दोरी पसरवायला पुढे काहीतरी." मग ती एकदम माझ्याकडे वळली. "मला त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तेव्हाच केलं असतं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. यंत्र अडकलं म्हणून नव्हे. ते अडकलं होतं हे तिला कुणी कळूच दिलं नाही म्हणून.

पुढच्या शनिवारी ती आली. वडील या वेळी हॉर्न वाजवत फाटकाशी थांबले नाहीत, वर गॅलरीत आले. तिने टॉवेल काढला, जुनं रीळ काढलं, लांब पाइपचं नवं बसवलं, पुढे तारेची कडी लावली. ती हातातल्या काडीने सरकवली की दोरी रिळावर एकसारखी पसरत होती. मैत्रीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढे आली नाही. खाली मुलांनी आजीने पाठवलेले बटाटे टोपलीत ठेवले. मोटर घर्रर्र करत सुरू झाली. समोरचे आजोबा बाहेर आले, "पुन्हा गिरणी!" टोपली सरळ, एकसारखी वर आली. कुणी ओरडलं नाही. मुलीने बटाटे काढले, टोपली पुन्हा खाली सोडली, पुन्हा वर घेतली. मग काकूंकडे बघून म्हणाली, "अडकलं तर फोन करायचा. ओढायचं नाही."

"नाही ओढणार," मैत्रीण म्हणाली.

मुलीने नव्याने बसवलेल्या प्रत्येक स्क्रूवर लाल रेघ मारली. मी ती तिला हादऱ्यांसाठी शिकवली होती. त्या दिवशी ती हादऱ्यांसाठी नव्हती, हातांसाठी होती.

वर्ग चालू आहे. मैत्रीणही येते. शुक्रवारी ती खाली जात नाही, असं म्हणते. मी विश्वास ठेवते असं म्हणते. मधूनमधून सकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून मागच्या बोळातून जाते आणि टोपली वर जात असली तर थांबून ऐकते. घर्रर्र ऐकू येतं. तरीही दोरी एकसारखी चाललीय का ते मी बघतेच. पूर्वी मी हे करत नव्हते. तिचा शब्द मला पुरत होता.

त्या मुलीचं बघून आता सगळीच मुलं घरी जाण्यापूर्वी आपल्या यंत्रावर रेघा मारतात. लहानांना ती गंमत वाटते. अडलेलं अडलेलंच राहतं. शनिवारी आल्यावर मुलं आधी रेघा तपासतात, मग कामाला लागतात. चष्मेवाला दोनदा रडला. एकदा त्याचं त्याला सापडलंही.

गेल्या शनिवारी मैत्रीण नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेऊन खाली आली. कुणी काही विचारायच्या आत तिने ती टेबलावर, धायरीच्या मुलीच्या समोर ठेवली. "स्केचपेनची रेघ पुसली जाते गं. ही टिकेल."

मुलीने बाटलीकडे बघितलं. मग वाकून आपल्या पिशवीतून वडिलांच्या दुकानातला, सिमेंटच्या गोणींवर लिहायचा जाड मार्कर काढला.

"माझ्याकडे आहे, काकू," ती म्हणाली. अगदी नीट, नम्रपणे.

मैत्रिणीने बाटली पुन्हा उचलली आणि हातात धरून उभी राहिली. ठेवायची कुठे, हे तिला कळत नव्हतं. मी पुढे होऊन ती तिच्या हातातून घेऊ शकले असते. लहानांच्या टेबलावर ठेवता आली असती, कुणीतरी वापरली असती.

मी जिथे होते तिथेच उभी राहिले, हात पाठीमागे.